मनांतील तोतया

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येऊं लागली आहे. मुलगा परीक्षेंत नापास झाला, नोकरी लागत नाहीं, वरिष्ठ छळतात, या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांवर समजूत घालण्याच्या रीतीहि जुन्या आहेत. ही नवी तक्रार त्यांच्या अगदीं उलट आहे. मुलगा अथवा मुलगी उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेली असते, चांगल्या जागीं लागलेली असते, वरिष्ठ संतुष्ट असतात, बढतीचें पत्र हातीं आलेलें असतें. आणि नेमकी त्याच रात्रीं झोंप उडते! कारण विचारावें तर उत्तर मिळतें कीं, "यांना वाटतें तितकें मला येत नाहीं. यांचा माझ्याविषयीं गैरसमज झाला आहे. आज ना उद्यां हें उघडकीस येईल."

या मनःस्थितीस इंग्रजींत 'इंपोस्टर सिंड्रोम' असें नांव रूढ झालें आहे. इंपोस्टर म्हणजे आपल्या मराठींतील तोतया. १९७८ सालीं पॉलिन क्लान्स व सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला, तेथपासून या चर्चेस आरंभ झाला. दीडशेंहून अधिक कर्तबगार स्त्रिया त्यांच्या निरीक्षणांत आल्या होत्या. कोणी उच्च पदव्या मिळविलेल्या, कोणी आपापल्या व्यवसायांत मान्यता पावलेल्या. तरी आपण बुद्धिमान नाहीं, परीक्षकांची किंवा वरिष्ठांची कांहींतरी चूक झाली आहे, अशी त्यांची मनोमन खात्री असे. या विदुषींनीं मूळ निबंधांत 'सिंड्रोम' हा रोगवाचक शब्द योजिलेला नाहीं. तो लोकांनीं मागाहून चिकटविला. मानसिक रोगांच्या वैद्यकीय यादींत हें नांव अद्यापिहि नाहीं. हा भाव केवळ स्त्रियांतच आढळतो असेंहि पुढें राहिलें नाहीं. पुरुषांतहि तो भरपूर सांपडला.

तोतया हा शब्द निघाला कीं मराठी मनुष्यास पानिपत आठवल्यावांचून राहत नाहीं. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संग्रामांत सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला, आणि त्या संशयाचा लाभ घेऊन बुंदेलखंडाकडील सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊसाहेब' म्हणून पुढें आला. त्याचें सोंग उघडकीस येऊन तो कैदेंत पडला. परंतु १७७६ सालीं रत्नागिरीच्या सुभेदारानेंच त्याचा पक्ष घेतला आणि हां हां म्हणतां हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं गोळा झालीं. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले. अखेर त्याचा पराभव झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटीं पुण्यास त्याला देहान्त शासन मिळालें. तात्यासाहेब केळकरांनीं या प्रकरणावर नाटकच लिहिलें, तें जुन्या वाचकांस ठाऊक असेल.

आतां या सुखनिधानाची आणि आमच्या झोंप उडालेल्या तरुण मंडळींची तुलना करून पाहावी. आपण भाऊसाहेब नाहीं हें सुखनिधानाच्या इतकें निश्चित कोणास ठाऊक होतें? तरी त्यानें फौज उभी केली, किल्ले घेतले. खऱ्या तोतयास आपल्या लायकीची शंका कधींच सतावीत नाहीं. दुसऱ्यास शंका येऊं नये एवढीच त्याची चिंता असते. म्हणून तो परीक्षा टाळतो, जाणत्या माणसापासून दूर राहतो, कागद दाखवीत नाहीं. उलट आमची ही मुलें दिवसांतून दहा वेळां स्वतःची परीक्षा घेतात, प्रत्येक कागद चार वेळां तपासतात, आणि तरीहि स्वतःस अनुत्तीर्ण ठरवितात. तोतयाचें एकहि लक्षण अंगीं नसून तोतयाची शिक्षा मात्र भोगावयाची, असा हा उफराटा न्याय आहे.

या न्यायास शास्त्राचाहि थोडा आधार सांपडतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जस्टिन क्रूगर व डेव्हिड डनिंग या दोघांनीं १९९९ सालीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांस तर्क, व्याकरण इत्यादि विषयांचे प्रश्न घालून 'इतरांच्या मानानें तुमचा क्रमांक कितवा असेल?' असें त्यांनीं विचारलें. जे सर्वांत खालीं होते त्यांनीं स्वतःस सरासरीच्याहि वर बसविलें. जे सर्वांत वर होते त्यांनीं आपलें स्थान आहे त्याहून खालीं सांगितलें. हें वाचतांना आम्हांस विराटपर्वांतील उत्तर राजपुत्र आठवला. अंतःपुरांत स्त्रियांपुढें त्याच्या पराक्रमास सीमा नव्हती. सारथी म्हणून मात्र बृहन्नडेच्या वेषांत प्रत्यक्ष अर्जुन मुकाट्यानें बसला होता.

आमच्या धाकट्या बंधूंची सून पुण्यास हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनींत सहा वर्षें नोकरी करीत आहे. जुन्नर तालुक्यांतल्याच एका खेड्यांत मराठी शाळेंत शिकलेली, पुढें इंजिनियर झालेली. गेल्या माघांत गणेशजयंतीस ती ओझरास आली तेव्हां तिचा चेहरा उतरलेला होता. प्रसादाचें जेवण आटोपल्यावर आमच्या सौभाग्यवतीनें खोदून विचारलें तेव्हां उलगडा झाला. तिला अकरा माणसांच्या चमूची प्रमुख नेमण्याचें ठरलें होतें, आणि ती जागा नको म्हणून कळविण्याचें पत्र तिनें लिहून तयार ठेवलें होतें.

"काका, मुलाखतीच्या दिवशीं मला येणारेच प्रश्न आले म्हणून मी तरलें," ती म्हणाली. "पहिलें मोठें काम झालें तें बरोबरच्या माणसांमुळें. दुसरें झालें, कारण तें मुळांत सोपेंच होतें. आतां अकरा माणसें माझ्या तोंडाकडे पाहणार. मीटिंगमध्यें सगळे घडाघडा इंग्रजी बोलतात, आणि मी मनांतल्या मनांत वाक्य जुळवीत बसतें."

"बरें, मग जें बिघडलें तें कोणामुळें?" आम्हीं विचारलें.

"तें माझ्यामुळें," ती तत्काळ म्हणाली.

आम्हीं कागद मागविला, मध्यें रेघ ओढली, आणि गेल्या सहा वर्षांतील तिच्या कामांचा जमाखर्च तिच्याच हातानें लिहविला. लिहून झाल्यावर मौज अशी दिसली कीं, जमेच्या बाजूस एकूणएक रकमा दुसऱ्याच्या नांवें, आणि खर्चाच्या बाजूस एकूणएक रकमा तिच्या स्वतःच्या नांवें! दैव, सहकारी, सोपें काम, दयाळू वरिष्ठ, सारे जमेकडे. खर्चाकडे एकटी ती. गांवच्या पतपेढीच्या चिटणिसानें अशी वही मांडली तर तपासनीस तिच्यावर सही करील काय? दैव म्हणावें तर तें दोन्ही बाजूंस असलें पाहिजे. सहकाऱ्यांमुळें काम सिद्धीस गेलें असेल, तर बिघडलें त्यांतहि त्यांचा वाटा असलाच पाहिजे. हें तिला गणित म्हणून पटलें. मनास पटलें कीं नाहीं हें सांगवत नाहीं. परंतु तें पत्र तिनें धाडलें नाहीं, आणि चैत्रापासून ती त्या जागेवर काम पाहत आहे.

तिची भीति गेली काय? नाहीं. दर सोमवारच्या बैठकीपूर्वीं अजून हात गार पडतात असें ती सांगते. आणि ती सर्वस्वीं जावी असा आमचाहि आग्रह नाहीं. आमच्या ओझरच्या क्षेत्राची कथा वाचकांस ठाऊक असेलच. विघ्नासुरानें यज्ञयागांत विघ्नें आणून ऋषींस त्रस्त केलें तेव्हां गणपतीनें त्याच्यावर चाल केली. परंतु असुर शरण आला आणि देवानें त्यास मारलें नाहीं. आपल्या नांवामागें माझें नांव लोकांनीं घ्यावें एवढें त्यानें मागून घेतलें, म्हणून येथील देव विघ्नहर अथवा विघ्नेश्वर. कुकडीच्या कांठचें हें देऊळ प्राचीन. वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनीं त्याच्या शिखरास सोन्याचा मुलामा दिला असें सांगतात. तें कांहींहि असो. विघ्न शरण येऊन देवाच्या नांवांत सामावतें, ही कल्पना आम्हांस विघ्नाच्या वधाहून अधिक व्यवहारी वाटते. थोडी धाकधूक असलेला मनुष्य हिशेब दुसऱ्यांदा तपासतो. तेवढी असूं द्यावी.

आतां वाचक म्हणतील कीं, ही दुर्बळ मनाची लक्षणें; थोरामोठ्यांस असें कधीं झालें काय? नामदार गोखल्यांचें उदाहरण पाहावें. त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका पूर्वीं शाळाशाळांतून सांगितली जाई. गुरुजींनीं गणितें घातलीं, गोपाळाचीं सगळीं बरोबर आलीं, गुरुजींनीं त्याला वरच्या जागीं बसविलें, तों मुलगा रडूं लागला. कारण एका गणितांत त्यानें दुसऱ्याचें साह्य घेतलें होतें. गुरुजी ही गोष्ट सत्यप्रीतीचा धडा म्हणून सांगत, आणि तें योग्यच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें तींत एक बारीक भेद आहे. त्या मुलानें साह्य खरोखर घेतलें होतें, म्हणून त्याचें रडणें खरें होतें आणि तें सांगून टाकतांच संपलें. आजचा मुलगा सगळीं गणितें स्वतः सोडवूनहि रडतो. त्याच्यापाशीं कबूल करण्याजोगें कांहींच नसल्यामुळें त्याचें रडणें संपण्यास ठिकाणच नाहीं.

पुढें १८९७ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, हेच गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले. दादाभाई नवरोजी, सुरेंद्रनाथ बानर्जी, दिनशा वाच्छा अशा वयोवृद्ध व विख्यात मंडळींच्या मालिकेंत हा फर्ग्युसन कॉलेजचा तरुण प्रोफेसर. समोर साम्राज्याच्या तिजोरीची खडान्‌खडा माहिती असलेले अधिकारी उलटतपासणी घेणार. कोतळूकसारख्या कोंकणांतल्या खेड्यांत जन्मलेल्या, थोरल्या भावानें पोटास चिमटा घेऊन शिकविलेल्या मुलानें 'मी येथें कोण?' असें म्हणण्यास याहून योग्य जागा कोणती? परंतु गोखले रित्या हातानें गेले नव्हते. दहा वर्षें न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं सरकारी अहवाल चाळण्याची कठोर उमेदवारी त्यांनीं केली होती, आणि आंकड्यांच्या बाबतींत त्यांच्या पाठीशीं गणेश व्यंकटेश जोशी उभे होते. हे जोशी कोण? सरकारी शाळेंतील हेडमास्तर! हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा इतका सूक्ष्म अभ्यास त्या काळीं फार थोड्यांनीं केला असेल. पण सरकारी नोकरीमुळें त्यांना स्वतः पुढें येतां येईना. आमच्या धंद्यांतील हा मनुष्य पडद्याआड राहिला याची आम्हांस थोडी हळहळ वाटते, आणि अभिमानहि वाटतो. जोश्यांचे आंकडे व रानड्यांचा विचार घेऊन गोखले उभे राहिले आणि उलटतपासणींत टिकले.

आतां यावर आमची सूनबाई म्हणाली असती, "म्हणजे साक्ष गोखल्यांची नव्हेच, ती जोश्यांची नि रानड्यांची." हाच तो मनाचा सांपळा आहे. दुसऱ्याकडून शिकलों म्हणून जें केलें तें आपलें नव्हे, असें मानावयाचें झालें तर जगांत कोणाचेंच कांहीं उरणार नाहीं. गुरूच्या मुखांतून संथा घेऊन शिष्य तीच अक्षरें म्हणतो. प्रथम तीं गुरूचीं असतात, शंभर आवृत्त्यांनंतर शिष्याचीं होतात. तीं कोणत्या आवृत्तीस आपलीं झालीं हें कोणासहि सांगतां येत नाहीं.

गोखल्यांच्या कथेचा पुढला भाग याहून महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी मुलांस सांगत नाहीं. त्याच मुक्कामांत, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांकडून झालेल्या अत्याचारांविषयीं मित्रांच्या पत्रांवरून त्यांनीं विलायतेंत जाहीर विधानें केलीं. परत आल्यावर त्यांचा पुरावा मिळेना. पत्रलेखकांचीं नांवें सांगणें त्यांना प्रशस्त वाटेना. आणि अखेर त्यांनीं जाहीर माफी मागितली. चहूंकडून त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. मनांतला तोतया ज्या क्षणाचें भय घालतो, तो 'उघडें पडण्याचा' क्षण गोखल्यांच्या वांट्यास साऱ्या देशासमक्ष आला. मग काय झालें? १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गेले. १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलांत त्यांनीं अंदाजपत्रकावर केलेल्या भाषणानें अधिकाऱ्यांसहि त्यांच्या अभ्यासाची दखल घेणें भाग पडलें. १९०५ सालीं ते काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षीं त्यांनीं भारतसेवक समाज स्थापिला. अर्थात्‌, चूक झाली ती चूक होती. तिच्यावरून गोखले बनावट ठरले नाहींत.

गोखल्यांस गुरु मानणारे महात्माजी, त्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत तीस रुपये फीचा पहिला खटला त्यांना मिळाला. उलटतपासणीस उभे राहिले तों डोकें गरगरलें, एक प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोंपवून ते चालते झाले. पुढें दक्षिण आफ्रिकेंत दादा अब्दुल्लांचा दावा हातीं आला. तो सगळा जमाखर्चाचा. गांधींनीं नामेंपद्धतीचें पुस्तक विकत घेऊन तिचा अभ्यास केला, दाव्यांतील वस्तुस्थिति मुखोद्गत केली, आणि तेथें त्यांना कंठ फुटला. धीर कोठून तरी बाहेरून येत नाहीं. विषय हातीं आला कीं धीर त्याच्यामागून चालत येतो, असेंच या दोन्ही चरित्रांवरून दिसतें.

परंतु येथें एक धोका आहे. क्लान्सबाईंनीं पुढें या विषयावर लिहितांना एक चक्र वर्णिलें आहे. नवें काम आलें कीं अशीं माणसें एक तर बेसुमार तयारी करतात, नाहीं तर भीतीनें शेवटच्या दिवसापर्यंत काम लांबणीवर टाकतात. काम पार पडतें. पहिला म्हणतो, 'एवढे कष्ट उपसले म्हणून जमलें, बुद्धीमुळें नव्हे'. दुसरा म्हणतो, 'दैवानें तारलें'. दोघांच्याहि पदरीं आत्मविश्वास पडत नाहीं, आणि पुढच्या कामास भीति तितकीच ताजी. म्हणजे तयारी कितीहि केली तरी तिचें मोजमाप कोणाच्या हातीं आहे यावर सारें अवलंबून. गोखल्यांची तयारी रानडे व जोशी तपासत होते. आमच्या मुलांची तयारी त्यांचें भ्यालेलें मनच तपासतें.

हा मोजमापाचा मुद्दा आम्हांस खोडदनें शिकविला. ओझराहून नारायणगांवास यावें, तेथून पूर्वेस खोडदच्या बाजूस वळावें, म्हणजे द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या मळ्यांपलीकडे प्रचंड जाळीदार वाट्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिली. एकेका वाटीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० वाट्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. लोखंडी पत्र्याच्या वाट्या फार जड व महाग पडत्या, म्हणून पोलादी दोरखंडांवर बारीक तारांची जाळी ताणून त्या बनविल्या आहेत. ही युक्ति येथलीच.

त्या दुर्बिणीनें आकाशांतील एखाद्या अनोळखी पदार्थाचें निरीक्षण करावयाचें असलें, तर तिच्या यंत्रांनीं दाखविलेला आंकडा जसाच्या तसा कोणी खरा मानीत नाहीं. यंत्रें तापतात, निवतात; वातावरणाच्या वरच्या थरांत खळबळ होते; वाचन सरकतें. म्हणून ज्यांचें तेज पूर्वींच पक्कें ठरलेलें आहे अशा कांहीं ज्योतींकडे, 'थ्री सी ४८' किंवा 'थ्री सी २८६' अशीं त्यांचीं नांवें, वाट्या आधीं वळवितात. त्यांवरून आपलें माप जुळवून घेतात. मग इष्ट पदार्थाकडे वळतात. आणि मधून मधून पुन्हा ओळखीच्या ज्योतीकडे परत येऊन माप सरकलें तर नाहीं ना हें पाहतात. एवढें मोठें यंत्र, पण 'मला असें वाटतें' या त्याच्या म्हणण्यावर शास्त्रज्ञ विसंबत नाहींत. मग आदल्या रात्रीं झोंप न झालेल्या, उपाशीपोटीं बैठकीस बसलेल्या मनाच्या 'मला असें वाटतें'वर आम्हीं कां विसंबावें?

नोकरींतील मनुष्याची ओळखीची ज्योत कोणती? आई नव्हे, तिचें माप मायेनें सरकलेलें असतें. मोबाइलवर रोज यशाचे फोटो धाडणारे मित्र तर नव्हेतच. त्याच धंद्यांतील, आपल्याहून दहा वर्षें पुढें असलेला, आपल्याकडून कांहीं नको असलेला एखादा जाणता मनुष्य, आणि दुसरी, आपण स्वतः त्या त्या दिवशीं लिहून ठेवलेली नोंद. सूनबाईस आम्हीं एक साधी वही घालून दिली आहे. शनिवारीं त्या आठवड्यांत काय केलें, कोणास त्याचा उपयोग झाला, आणि कोणीं लेखी काय कळविलें, एवढेंच लिहावयाचें. भावना लिहावयाच्या नाहींत. तिच्या पिढीस भावना लिहिण्याची हौस फार. पण त्या वहीचें तें काम नव्हे.

आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: 'मला नेमकें काय येत नाहीं?' याचें उत्तर एका वाक्यांत आलें, जसें 'मला परदेशी गिऱ्हाइकाशीं फोनवर इंग्रजींत बोलतां येत नाहीं', तर ती उणीव आहे. तिला नांव आहे, तिला पुस्तक आहे, शिक्षक आहे. सहा महिने मेहनत करावी. पण उत्तर 'मला कांहींच येत नाहीं' असें आलें, तर तें उत्तरच नव्हे. आम्हीं वर्गांत पाहिलें आहे. 'गुरुजी, मला कांहींच समजलें नाहीं' असें म्हणणाऱ्या मुलास फळ्यापाशीं उभें केलें कीं, तीन पायऱ्या तो बिनचूक करी आणि चौथीवर अडे. अडचण चौथ्या पायरीची, आणि शोक मात्र साऱ्या गणिताचा!

बैठकींतील मौनाविषयीं सांगावयाचें तर, पहिल्या दहा मिनिटांत एखादा लहानसा, घरून ठरवून आणलेला प्रश्न विचारून टाकावा. जितका वेळ गप्प बसावें तितकी पहिल्या वाक्याची किंमत चढत जाते, आणि तासाभरानें तें वाक्य परवडेनासें होतें. माहीत नसलेलें कोणी विचारलें तर 'हें मला आतां ठाऊक नाहीं, उद्यां पाहून सांगतों' असें म्हणावें, आणि उद्यां खरोखर सांगावें. ज्यानें हें वाक्य म्हटलें त्याच्यापाशीं उघडें पडण्यासारखें कांहीं उरत नाहीं. सुखनिधानास हें एकच वाक्य म्हणतां येण्यासारखें नव्हतें.

येथवर आम्हीं नोकरी करणाऱ्यांस बोललों. आतां घरांतल्या वडील मंडळींस. क्लान्स व आइम्स यांच्या निबंधांत अशा स्त्रियांचीं घरें दोन तऱ्हांचीं आढळलीं. एका तऱ्हेच्या घरांत भावंडांपैकीं एकास 'हुशार' ही पदवी देऊन टाकलेली. दुसरीस 'स्वभावानें प्रेमळ, मनमिळाऊ'. ती दुसरी पुढें कितीहि शिकली तरी घराचा निवाडा बदलत नाहीं, आणि तिच्या मनांतलाहि बदलत नाहीं. दुसऱ्या तऱ्हेच्या घरांत मुलगी सर्वगुणसंपन्न, तिला सगळें न करतां येतें, अशी समजूत. मग पहिल्या खऱ्या कठीण विषयाशीं गांठ पडली कीं ती म्हणते, 'मला कष्ट पडतात, त्या अर्थीं मी हुशार नव्हतेंच.' एकत्र कुटुंबांत हें आम्हीं डोळ्यांनीं पाहतों. चार चुलत भावंडें एका घरांत वाढतात. आजी एकाला 'आमचा बृहस्पति' म्हणते, आणि तें बाकीच्या तिघांस जन्मभर ऐकूं येत राहतें. बृहस्पतीचेंहि त्यांत कल्याण नाहीं.

घर काय करूं शकतें याचें उत्तम उदाहरण रमाबाई रानडे यांचें आहे. अकराव्या वर्षीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या; यजमानांनीं त्यांस मराठी व पुढें इंग्रजी शिकविलें. घरांतील वडील बायकांस तें मुळींच रुचलें नाहीं. त्यांच्या टोमण्यांची हकीकत रमाबाईंनीं आपल्या आठवणींच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत मोकळेपणानें दिली आहे. सभेंत प्रथम बोलण्याची पाळी आली तेव्हां भाषण माधवरावांनीं लिहून दिलें. मुलींच्या हायस्कुलाची मागणी गव्हर्नरसाहेबांपुढें इंग्रजींत वाचून दाखविण्याचें कामहि त्यांनीं केलें, आणि त्याबद्दल घरीं बोलणीं खाल्लीं. १८८४ सालीं तें हायस्कूल निघालें; हुजूरपागा म्हणून तें आजहि उभें आहे. दुसऱ्यानें लिहिलेलें भाषण वाचणारी ती मुलगी पुढें काय झाली? न्यायमूर्तींच्या पश्चात्‌ १९०९ सालीं तिनें पुण्याच्या सेवासदनाचें काम उभें केलें, येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्रियांस जाऊन भेटूं लागली. तेव्हां लिहून देणारें कोणी राहिलें नव्हतें.

एका गोष्टीचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. हल्लीं कांहीं लेखिका म्हणतात कीं, सगळा दोष त्या बिचाऱ्या व्यक्तीच्या मनावर कां लोटतां? कचेरीच तिला परकी लेखीत असेल तर? यांत पुष्कळ तथ्य आहे. घरांत पहिल्यानेंच शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा, मराठी शाळेंतून आलेली मुलगी, साऱ्या बैठकींत एकटीच असलेली स्त्री, यांना 'तुम्ही येथले नव्हे' असें शब्दानें नाहीं तरी नजरेनें रोज सांगण्यांत येतें. उच्चारावर हंसणारे हंसतात. आमच्यासारख्या घरांतील मुलांस पिढ्यान्‌पिढ्यांच्या अक्षरओळखीचा आधार असूनहि धास्ती वाटते, मग त्यांस किती वाटत असेल! तेथें वही आणि जमाखर्च पुरणार नाहीं. तेथें हंसणाऱ्यांस थांबविणारा वरिष्ठ लागतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येक अशा वरिष्ठाच्या जागीं बसलेले आहेत.

राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदच्या दुर्बीण-केंद्रावर दरवर्षीं प्रदर्शन भरतें आणि आसपासच्या खेड्यांतील शाळांचीं मुलें आपापले प्रयोग मांडून उभीं राहतात. येणारा अनोळखी मनुष्य विचारतो, "हें कसें चालतें, बाळ?" आणि मूल मागें उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहतें. ज्यांना सवड असेल त्यांनीं येत्या वर्षीं आपलीं नातवंडें घेऊन अवश्य यावें. मात्र मुलानें असें मागें वळून पाहिलें तर उत्तर सुचवूं नये, थोडें बाजूस होऊन पलीकडच्या टेबलावरचा प्रयोग पाहूं लागावें.